कॉम्प्युटरमध्ये बारा, रॅकवर चारच

प्रश्न: माझं छोटं स्टेशनरीचं दुकान आहे, मी आणि एक मदतनीस. गिऱ्हाईक मागतं ती वस्तू नेमकी संपलेली असते आणि न खपणारा माल दोन-दोन वर्षं पडून. कॉम्प्युटरवर स्टॉक ठेवतो पण तो जुळत नाही, तिथे बारा नग दिसतात आणि रॅकवर चारच. वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून सगळं मोजतो, दोन महिन्यांत परत तेच. नवीन सॉफ्टवेअर घेऊ का?

उत्तर: आत्ता तरी नको. सॉफ्टवेअर बिचारं बेरीज-वजाबाकी करतं, एंट्रीच चुकली तर ते काय करणार. वर्षाच्या मोजणीत तुम्ही आकडा दुरुस्त करता पण तो बिघडला कुठे हे सापडत नाही, कारण तोवर कुणाला काही आठवत नसतं. म्हणून रोज दुकान उघडायच्या आधी फक्त दहा वस्तू मोजा, आणि फरक आला की त्याच दिवशी कारण शोधा, कालची बिलं हाताशी असतात.

मी दुकानात बसायचो तेव्हा निळी पेनं कायम कमी भरायची. मदतनीसावर संशय घ्यायच्या बेतात होतो, मग शेजारची काळी मोजली तर ती तेवढीच जास्त! दिलं निळं, बिलात टाकलं काळं, एवढंच होतं. चोरी होतच नाही असं नाही, पण आधी एंट्री तपासा. आलेला माल न मोजता त्यासोबतच्या चलनावरचा (डिलिव्हरीच्या कागदावरचा) आकडा चढवणं, दहाचा खोका '१ नग' म्हणून टाकणं, फाटलेली वही बाजूला ठेवून नोंद न करणं, परत आलेला माल तसाच रॅकवर ठेवणं, बहुतेक घोळ इथेच असतात.

कुठल्या दहा वस्तू? वर्षभराच्या विक्रीची रक्कम वस्तूवार काढा, मोजक्याच वस्तू बरीचशी विक्री देतात असं दिसेल. त्या आठवड्यातून एकदा, बाकीच्या महिन्या-दोन महिन्यांनी मोजून होतील, अशा बेताने रोजच्या दहा वस्तू बदलत राहा.

आकडे खरे झाले की ऑर्डरचं गणित सोपं. पेन रोज ६ खपतं, माल यायला ५ दिवस लागतात, म्हणजे ३०, वर दोन दिवसांचे १२ जास्तीचे, तर ४२ उरले की ऑर्डर. सीझनला खप वाढतो, तेव्हा हा आकडा आधीच वाढवा, अंदाजाने नाही, मागच्या वर्षीची बिलं बघून.

सहा महिन्यांत एकही नग न गेलेला माल होलसेलर परत घेतोय का विचारा, नाहीतर कमी भावात काढा. त्यात तुमचं भांडवल अडकलंय आणि रॅकही. खरेदीचा भाव वसूल व्हायची वाट बघत बसू नका हो.

तीन महिने फरक कमी होत गेला की मग बारकोडवालं सॉफ्टवेअर बघा, आणि घेताना खोका आणि नग अशी दोन्ही मापं ते नीट सांभाळतं का, हे स्वतः एंट्री करून बघा.