शेणखतात मेलेलं दवबिंदूचं रोप

पत्र : मी कोरेगाव तालुक्यात आलं करतो. मुलगी दहावीत आहे, गणित-विज्ञानात चांगली. अकरावीला नीटच्या तयारीसाठी लातूरला ठेवायचं ठरलं होतं. सप्टेंबरात शाळेची सहल कासला गेली आणि ही बया किडे खाणारं रोप कंपासपेटीत लपवून घेऊन आली. शेणखत घालून कुंडीत लावलं, चार दिवसांत मेलं. तेव्हापासून 'एवढ्या चांगल्या मातीत मेलं कसं?' हेच चालू आहे. आता म्हणते बॉटनी करणार. त्यात पोट भरतं का?

नमस्कार,

आधी रागावून घेते. कासवर फूल तोडायला, रोप उपटायला बंदी आहे. हंगामात तिथे किती सहली येतात हे सातारकरांना मी काय सांगणार! प्रत्येक पोराने एकेक कंपासपेटी भरली तर काय होईल, याचा हिशोब तिलाच घालू दे. झालं रागावून.

आता तिचा प्रश्न. तुम्ही तो तक्रार म्हणून लिहिलाय, मी मात्र पत्रात तेवढीच ओळ दोनदा वाचली. 'झाड किडे खातं' एवढ्यावर बहुतेक मुलं खूश असतात. ही पुढे गेली.

कासला जांभ्यावर मातीचा पातळ थर असतो आणि चार महिने पाऊस तो धुत राहतो. नत्र उरतंच किती? म्हणून दवबिंदू, म्हणजे तिने आणलेलं ते किडे खाणारं रोप, पानावरच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब धरतं, त्यात चिलटं अडकतात, आणि नत्र त्यांच्यातून मिळतं. मुळांकडे काम मुख्यतः पाण्याचं. अशा रोपाचे आपण शेणखताने लाड केले तर ते त्याला बाधतात.

पण थांबा. खतानेच मेलं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. कुंडीला बोअरचं पाणी घातलं असेल तर त्यातले क्षार होते. उपटताना मुळं तुटली असतील. वर कंपासपेटीतला प्रवास. सगळंच एकदम बदललं, मग दोष कोणाला द्यायचा? हा गुंता तिच्यापुढे मांडा आणि गप्प बसा. नंतर घटाला पेरतो तसे चार कपांत गहू पेरू द्या : दोन कपांत धुतलेली वाळू, दोनांत शेणखताची माती, प्रत्येकी एकाला बोअरचं पाणी, एकाला साठवलेलं पावसाचं. गव्हावरून दवबिंदूचं उत्तर मिळणार नाही, हे ती लगेच म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. पण काय मोजायचं आणि कशाशी ताडून बघायचं, ते हाताला लागेल. डार्विनने दवबिंदूवर हेच केलं होतं. पानांवर मांसाचे, अंड्याच्या पांढऱ्याचे कण ठेवले, तसेच काचेचे आणि लाकडाचेही, आणि पान कशाला कसं वागतं ते बघितलं. 1860 मध्ये लागलेला नाद, छापून आला 1875 मध्ये. तुमची लेक दोन महिन्यांत कंटाळली नाही, तर धीर धरा.

आणखी एक. आल्याच्या लागणीआधी तुम्ही माती परीक्षण करत असालच. तो सामू (पीएच), क्षारता, नत्र-स्फुरद-पालाशचा कागद तिच्या हातात द्या. कंदकूज कुठल्या वाफ्यात आधी लागते हे तुम्हाला ठाऊक आहे. का लागते, ते तिला शोधू द्या. बॉटनी कासलाच असते असं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, पोटाचा. नुसती बीएस्सी करून नोकरीच्या रांगेत उभं राहणं जड जातं, हे लपवत नाही. संशोधनाचा रस्ता लांब आहे. पीएचडी होईपर्यंत वय सत्तावीस-अठ्ठावीस होतं. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. कायम जागा मात्र थोड्या, आणि चढाओढ मोठी. तोवर घर थांबू शकतं का, हे तुम्ही दोघा नवरा-बायकोने ठरवायचं. तिच्या डोक्यावर ते ओझं आत्ता नको.

आत्ता फक्त एक करा : अकरावीला गणित आणि जीवशास्त्र, दोन्ही ठेवा. नीटला गणित लागत नाही म्हणून पुष्कळ जण ते सोडतात आणि नंतर हळहळतात. पुण्याच्या आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेत पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे. त्याच्या आयएटी या प्रवेश परीक्षेत 60 प्रश्न असतात, जीवशास्त्र, रसायन, गणित, भौतिक यांचे 15-15. गणित सोडलं की पाव पेपर अवघड झाला. दोन्ही विषय असले की नीट, आयसर, एमएचटी-सीईटीतून कृषी पदवी, सगळी दारं उघडी. घराजवळ हवं असेल तर साताऱ्यात यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आहे, पुढे एमएस्सीला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागाने सह्याद्रीतल्या वनस्पतींवर मोठं काम केलंय.

लातूरचं म्हणाल, तर तिला डॉक्टर व्हायचं असेल तर जरूर पाठवा. गल्लीतली दोन पोरं गेली म्हणून पाठवू नका. तिसऱ्यांदा नीट देणारी मुलं माझ्यासमोर बसतात, तेव्हा त्यांना काय विचारावं तेच मला सुचत नाही.

पुढच्या भादव्यात एखादा साधा वार बघून तुम्हीच तिला कासला न्या. वही आणि दहा-वीस रुपयांचं भिंग पुरे. दवबिंदू उघड्या ओलसर जागेत जास्त दिसतं की उंच गवतात, ते तिला वाटेवरूनच मोजू द्या. कंपासपेटी घरी ठेवा.