युरिया फेकायचा की गोळी खोचायची?

प्रश्न : ताई, आमचं माणगावकडे 12 गुंठे भाताचं खाचर आहे. कृषी सहाय्यक म्हणतात युरिया फेकू नका, युरिया-डीएपी (नायट्रोजन नि फॉस्फरस देणारं खत) दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे ब्रिकेट, खोचा. बाबा म्हणतात खत ते खत, वर टाकलं काय नि पुरलं काय, जाणार पिकालाच. खरंच फरक पडतो का, की नुसतीच मजुरी वाढते?

उत्तर : फरक पडतो, आणि बराच पडतो. पाणी भरलेल्या खाचरातला चिखलाचा एक गोळा अलगद उचलून मधोमध फोडून बघा, वर अगदी पातळ, काही मिलिमीटरचा तांबूस थर दिसेल आणि खाली सगळं काळपट-निळसर. तांबूस थराला पाण्यातून थोडीफार हवा मिळते, खाली हवाच नाही. सगळी गोम या दोन थरांत आहे.

युरिया वर फेकला की त्याचा अमोनिया होतो. दिवसा उन्हात पाण्यातलं शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं त्यामुळे पाणी अल्कधर्मी होतं आणि अमोनिया वायू होऊन उडून जातो. उरलेल्याचं वरच्या थरात नायट्रेट होतं, ते पाण्याबरोबर खाली झिरपलं की बिनहवेच्या थरातले जिवाणू त्यातला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन परत हवेत सोडतात. म्हणजे पैसे आपले आणि खत हवेला! शिवाय आपल्याकडचा पाऊस, एक जोराची सर आली की बांधावरून खत शेजारच्या खाचरात.

गोळी 7 ते 10 सेंमी खोल गेली की तिथे अमोनियम (अमोनियाचं पाण्यात विरघळलेलं रूप) तसंच राहतं, मातीच्या कणांना चिकटून बसतं आणि मुळं लागेल तसं घेत राहतात. भाताच्या खोडात हवा खाली नेणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून त्याची मुळं त्या बिनहवेच्या चिखलातही जगतात.

शास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या भातशेतीच्या चारसूत्री पद्धतीत गोळी खोचणं हेच एक सूत्र आहे (बाकीची म्हणजे भाताचं तूस-पेंढा जमिनीला परत देणं, गिरिपुष्प या झाडाचा पाला खत म्हणून घालणं, नियंत्रित लावणी). दोरीवर 15 नि 25 सेंमीच्या आलटून पालटून खुणा करायच्या, त्या खुणांवर लावणी केली की चार चुडांचा (रोपांच्या जुडग्यांचा) 15 सेंमीचा चौकोन पडतो, त्याच्या मधोमध 2.7 ग्रॅमची एक गोळी. गुंठ्याला साधारण 630 बसतात, तुमच्या 12 गुंठ्यांना साडेसात हजार, वजनाला 20 किलोच्या आसपास.

मजुरीचं बाबांचं म्हणणं मात्र खोटं नाही, साडेसात हजार वेळा वाकायचं म्हणजे कंबर धरतेच, पण ते एकदाच, नंतर फुटव्याच्या वेळी परत युरिया घेऊन खाचरात उतरायला नको. लावणीच्याच दिवशी चिखल मऊ असताना खोचा, आणि नंतर त्या चौकोनांत पाय घालू नका. खाचर रेताड असेल, पाणी भरलं की तासाभरात जिरत असेल तर मात्र गोळीचा एवढा उपयोग नाही, अमोनियम पाण्याबरोबर खाली निघून जातं. बाबांना पटत नसेल तर यंदा 2 गुंठ्यांतच करून बघा, शेजारी त्यांच्या पद्धतीचे 2 गुंठे ठेवा आणि झोडणीच्या वेळी दोन्हीकडचं भात वेगवेगळं मोजा.