माथेरानला एक रात्र, सोबत आई-बाबा: जेवणासकट पॅकेज घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की सत्तरीतल्या आई-बाबांना घेऊन माथेरानला एक रात्र राहायचंय, हॉटेलवाला जेवणखाण सगळं धरून पॅकेज देतोय, ते घ्यावं का आणि दोन दिवसांत किती पॉइंट होतील.

नका घेऊ. फार तर नाश्त्यापुरतं घ्या. का ते सांगते, कारण या पॅकेजवरून आमच्या घरात २०१९ पासून भांडण चालू आहे आणि त्यात माझी बाजू कुणी नीट ऐकूनच घेतलेली नाही.

तेव्हा फेब्रुवारीत आम्ही नऊ जण गेलो होतो. बुकिंग मोठ्या दिरांचं. भाऊजींचा स्वभाव असा की पैसे भरलेत ना, मग वसूल झाले पाहिजेत. दुपारचं जेवण साडेबारा ते दोन, चहा-भजी चार ते पाच, रात्रीचं जेवण आठ ते साडेनऊ, दुसऱ्या दिवशी नाश्ता आणि नऊ वाजता खोली रिकामी. आता यात मधे उरतं काय ते बघा. महाबळेश्वरला गाडी दाराशी असते, जेवायला माघारी आलात तर पेट्रोल जळतं, एवढंच. माथेरानात गाडी दस्तुरी नाक्यालाच सोडायची. पुढे पाय, नाहीतर घोडा. म्हणजे फुकटच्या चहासाठी परत यायचं तर गुडघे झिजवून यायचं.

आणि आलो की! जेवून, जरा लवंडून अडीचला निघालो. शार्लोट लेकला पोहोचलो, पिसरनाथाचं दर्शन घेतलं. सासरे पाण्याकडे तोंड करून निवांत बसले. पुढे इको आणि लुईझा पॉइंट तिथून काही लांब नाहीत. तेवढ्यात भाऊजींनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, चला, चहा सुटेल. नऊ माणसं तळ्यावरून उठून हॉटेलवर गेली. भजी गार. चहा म्हणजे थर्मासमधलं ते गोड पाणी. इको पॉइंट राहिला तो राहिलाच.

मग सव्वापाचला पुन्हा निघून सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन पॉइंटला. सूर्य प्रबळगडाच्या बाजूला उतरला, लोकांनी फोटो काढले आणि पाच मिनिटांत निम्मी गर्दी पांगली. भाऊजी, जाऊबाई, पोरं, आमचे हे, सगळे उजेड आहे तोवर म्हणून निघाले, कारण आठला जेवण. सासूबाई उठेनात. चपला काढून बसल्या होत्या. तिथली माती तांबडी, पावलांवर पट्ट्यांच्या जागा सोडून बाकी सगळं गेरू फासल्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं, आई, निघू या का? तर म्हणाल्या, "बस गं जरा. घरी या वेळेला मी कुकर लावत असते."

बसले. सासरेही बसले. खाली एकेक दिवा लागत गेला. सासूबाई मधेच "तो बघ, तिकडे लागला" म्हणायच्या, एवढंच बोलणं. सात वाजून गेले.

परतताना झाडीत चांगलाच अंधार. सासऱ्यांच्या हातात मोबाईलची बॅटरी, ती दर दोन मिनिटांनी विझायची, मग पुन्हा चालू करा. बाजारात यायला सव्वाआठ. तिथे एका लहानशा खानावळीत भाकरी थापताना दिसल्या आणि सासूबाई आत शिरल्याच. पिठलं, भाकरी, ठेचा. दुसऱ्याच्या हातची गरम भाकरी त्यांना किती वर्षांनी मिळाली असेल कोण जाणे. हॉटेलवर पोहोचलो तेव्हा पावणेदहा, जेवणघरात खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवलेल्या आणि दारात भाऊजी. "तीन ताटं फुकट गेली."

त्या दिवसापासून आमच्याकडे मंगळागौर असो की मुंज, "तीन ताटं" निघतातच. दोषी अर्थात मी, कारण सासू-सासऱ्यांना कोण बोलणार. तर इथे लिहून ठेवते: पॅकेजच घेतलं नसतं तर फुकट जायला ताटंच नसती. आणि नऊ चहा-भज्यांपेक्षा एक इको पॉइंट महाग असतो.

पॉइंटचं म्हणाल तर तिथे ३८ आहेत म्हणतात, तुम्ही चार बघा. पहिल्या दिवशी शार्लोट लेक, इको, लुईझा एका फेरीत, तेही मधे परत न येता, बरोबर पाणी आणि खाऊ घेऊन (खाऊ पिशवीत बंद, हातात दिसला की माकडं सोडत नाहीत). मग थेट पॉर्क्युपाइन. हे जास्त वाटलं तर लुईझा सोडा. आई-बाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर बाजाराजवळचा खंडाळा पॉइंटही पुरतो. पॅनोरमाचा सूर्योदय सुंदर, पण ते पार उत्तरेचं टोक, पहाटे अंधारात निघावं लागतं. सत्तरीत घोड्याशिवाय जमणार नाही, आणि घोड्यावर बसायची हौस आहे का ते आधी त्यांना विचारा. मुलं परस्पर ठरवून टाकतात.

जमलं तर नेरळहून छोट्या रेल्वेगाडीने चढा. एका रात्रीत दोन-अडीच तास गाडीत घालवणं भाऊजींच्या हिशेबात बसत नाही, माझ्या मते अर्धी सहल तीच. २१ किलोमीटर, दोन फुटी रूळ, पीरभॉय कुटुंबाने पदरच्या पैशांनी बांधून १९०७ मध्ये सुरू केलेली. वळणावर डब्यातून स्वतःच्याच गाडीचं इंजिन दिसतं. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते, तेव्हा फक्त अमन लॉज स्टेशन ते माथेरान शटल. दस्तुरीला उतरणाऱ्यांनी तीच धरावी, अमन लॉज तिथून जवळच आहे. सामान डोक्यावर नेणारे मिळतात.

हातरिक्षा नको, असं सासऱ्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. भाऊजींनी परतीला त्यांच्यासाठी ठरवली, तर म्हणाले, माणूस माणसाला ओढणार आणि मी वर बसणार? चालत स्टेशनवर गेले. त्यावरही वाद झाला, की त्या लोकांच्या पोटाचं काय. मुद्दा खोटा नव्हता. पण ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या असं सांगितलं, म्हणजे दोघांचंही उत्तर आलं. ती बातमी मी घरच्या ग्रुपवर टाकली. भाऊजींनी नुसता अंगठा दिला. ई-रिक्षा २०२२ च्या डिसेंबरपासून प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या होत्या. आई-बाबांसाठी त्यांची चौकशी जरूर करा, फक्त रांगेची तयारी ठेवा.

आता एक कबुली. तुमच्या आई-बाबांपैकी कुणाला मधुमेह असेल, जेवण घड्याळावर लागत असेल, किंवा हॉटेल बाजारापासून लांब झाडीत असेल, तर रात्रीचं जेवण तिथलंच घ्या. अंधारात म्हाताऱ्या माणसांना बाजारापर्यंत नेण्यात शहाणपणा नाही, मी नेलं ते नशिबाने निभावलं. शनिवार-रविवारी बाजारात जागाही पटकन मिळत नाही. पण तेवढं एकच जेवण घ्या, चहा घेऊ नका. आणि खोली किती वाजता सोडायची ते पैसे भरायच्या आधी विचारा, तिथे नऊ-दहाला बाहेर काढतात.

बॅटरी वेगळी न्या, मोबाईलवर राहू नका. पांढरे मोजे घालू नका, ते परत पांढरे होत नाहीत.