बैठे खेळ निवडताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या घरी आम्ही दोघे, सासूबाई, बारा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी असे पाच जण आहोत. सुट्टीत ‘व्यापार’ मांडला की तो दोन-अडीच तास चालतो, धाकटीचे दिवाळे निघते, ती रडत उठते आणि डाव तिथेच मोडतो. म्हणून दिवाळीत ‘कॅटन’ आणला; परंतु नियम समजून घेण्यातच संध्याकाळ गेली आणि तो माळ्यावर गेला. पुढचा खेळ आमच्या घरात चालेल की नाही, हे पैसे खर्च करण्यापूर्वी कसे ओळखावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या पत्रात सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे ती ‘पाच जण’ ही. ‘कॅटन’चा मूळ संच तीन किंवा चार जणांसाठीच असतो आणि पाच-सहा जणांना खेळायचे तर पुरवणी संच वेगळा घ्यावा लागतो; म्हणजे नियम सगळ्यांना चटकन समजले असते, तरी एकाला प्रेक्षक म्हणून बसावेच लागले असते. खोक्यावर छापलेले वय आपण सारेच पाहतो, पण त्याच्या शेजारी छापलेल्या खेळाडूंच्या संख्येकडे दुर्लक्ष करतो.

‘व्यापार’च्या बाबतीत धाकटीला बोल लावू नये. अमेरिकेत १९३५ साली पार्कर ब्रदर्सने बाजारात आणलेल्या ‘मोनोपॉली’च्या धर्तीवरचा हा खेळ आहे आणि दोन्हींची रचना अशी की ज्याचे दिवाळे निघाले तो बाहेर, उरलेल्यांचा खेळ मात्र चालूच. त्यातच घराघरांतले मनाचे नियम डाव आणखी लांबवतात. मोनोपॉलीच्या मूळ नियमांप्रमाणे एखाद्याने जागा घ्यायचे नाकारले की तिचा लगेच लिलाव व्हायला हवा. तो आपण गाळतो आणि वर दंडाचे पैसे पटाच्या मध्यभागी साठवून कुणाला तरी बक्षीस देतो. ‘व्यापार’ मोडीत काढायचा नसेल, तर एका तासाचा गजर लावावा आणि तो वाजताच रोकड व मालमत्ता मोजून निकाल लावावा.

नवा खेळ घेताना मी स्वतः वयापेक्षा दोन गोष्टींना अधिक महत्त्व देतो : शेवटपर्यंत सगळे खेळात राहतात का, आणि आपली पाळी पुन्हा येईपर्यंत किती वेळ नुसते बसून राहावे लागते. या दोन्ही कसोट्यांवर आपल्या घरासाठी मी प्रथम ‘टिकिट टू राइड’ सुचवीन. ॲलन मून यांचा हा २००४ सालचा खेळ दोन ते पाच जणांचा आहे. प्रत्येकाला एकाच रंगाचे रेल्वेचे ४५ छोटे डबे मिळतात आणि आपल्या पाळीला तीनपैकी एकच काम करायचे असते : पत्ते उचलायचे, जमलेले एकरंगी पत्ते टाकून दोन शहरांमधल्या मार्गावर डबे मांडायचे, किंवा प्रवासाची नवी तिकिटे घ्यायची. कुणाकडे दोन किंवा त्याहून कमी डबे उरले की सगळ्यांना एकेक शेवटची पाळी मिळते आणि खेळ संपतो; त्यामुळे कुणी बाहेर पडत नाही आणि शेवट किती जवळ आला, हे सात वर्षांच्या मुलीलाही डबे मोजून कळते. तिकिटांवरची शहरांची नावे रोमन लिपीत असतात, म्हणून पहिले काही डाव आजी आणि नात यांनी जोडीने खेळावेत. पाच जणांत ‘कार्कासोन’ही चालतो : ७२ चौकोनी तुकडे एकाला एक जोडत रस्ते, मठ आणि तटबंदीची शहरे उभी करायची. त्यातला शेतकऱ्यांचा नियम मात्र पहिल्या काही डावांत खुशाल वगळावा, कारण बहुतेकांचे अडते ते तिथेच.

आता चाचणीविषयी. मुंबई-पुण्यात बोर्ड गेम ठेवणारे कॅफे आहेत; तिथे खेळ समजावून सांगणारी व्यक्ती असेल तर अर्धे काम होते. ते जमत नसेल, तर ‘बोर्ड गेम अरीना’ या संकेतस्थळावर अनेक खेळ ऑनलाइन खेळून पाहता येतात आणि बऱ्याच प्रकाशकांच्या संकेतस्थळांवर नियमपुस्तिका फुकट मिळतात. ‘बोर्डगेमगीक’ या संकेतस्थळावर खेळाडूंनी प्रत्येक खेळाच्या अवघडपणाला एक ते पाच असे गुण दिलेले असतात, घरातल्या पहिल्या खेळासाठी दोनच्या आतला पाहावा. ‘कॅटन’ दोनच्या वर आहे. जर्मनीत १९७९पासून दिल्या जाणाऱ्या ‘श्पील देस यारेस’ या पुरस्काराचे लाल सोंगटीचे चिन्ह खोक्यावर असेल, तर खेळ कुटुंबाला पेलेल असे साधारणपणे समजावे. करड्या सोंगटीचे चिन्ह मात्र मुरलेल्या खेळाडूंसाठीच्या पुरस्काराचे आहे. (गंमत अशी की १९९५ साली ‘कॅटन’लाही लाल सोंगटीच मिळाली होती.)

प्रत्यक्ष चाचणीत पूर्ण डाव खेळण्याचा आग्रह नको. एका मोठ्या माणसाने आदल्या रात्री नियम वाचून, दोन खेळाडूंचे पत्ते एकट्यानेच हाताळून पाहावेत, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुस्तिका वाचून दाखवण्याची वेळ येत नाही. मग सगळ्यांनी अर्धाच डाव गुण न मोजता खेळावा. ‘माझी पाळी आली का?’ असे सासूबाईंनी वारंवार विचारले, तर तो खेळ फार रेंगाळतो. मुलीने दुसऱ्या दिवशी आपणहून मागितला, तर बेलाशक विकत घ्यावा.

प्रश्न : उन्हाळ्यात अमेरिकेहून नातवंडे येतात. त्यांना मराठी वाचता येत नाही, आमच्या सौभाग्यवतींना इंग्रजीची सवय नाही आणि दोघांचीही नजर आता कमजोर झाली आहे. चौघांना कोणता खेळ जमेल?
— एक आजोबा, नागपूर

उत्तर : ज्यात वाचायचे काहीच नाही, असा खेळ निवडावा. आपण घरी रमी खेळत असाल, तर ‘रमीकब’ला पर्याय नाही. त्यात १०६ ठोकळे असतात, चार रंगांत एक ते तेरा हे आकडे दोन-दोनदा आणि दोन जोकर. पत्त्यांऐवजी ठोकळे समोरच्या घोडीवर उभे राहतात, त्यामुळे हातात पंखा धरून बोटे अवघडत नाहीत. पहिल्यांदा उतरताना तीस गुण लागतात; त्यानंतर मात्र पटावर मांडलेल्या जुळण्या फोडून नव्याने लावता येतात आणि खरी मौज त्यातच आहे. ‘क्वर्कल’ हाही बिनअक्षरी खेळ, सहा रंग आणि सहा आकारांचा. पण त्यातले लाल आणि नारिंगी हे रंग पिवळ्या दिव्याखाली एकसारखे भासतात, म्हणून तो दुपारच्या उजेडात मांडावा किंवा टेबलावर पांढरा दिवा घ्यावा.

प्रश्न : भांडणे टाळण्यासाठी आम्ही ‘फॉरबिडन आयलंड’ हा सगळ्यांनी मिळून जिंकायचा खेळ आणला, पण थोरला मुलगा प्रत्येकाची चाल स्वतःच ठरवतो.
— एक वाचक, सांगली

उत्तर : त्या खेळात सगळ्यांचे पत्ते उघडे असतात, म्हणून जो चलाख तो सर्वांच्या वतीने खेळू लागतो. ज्याची पाळी त्याचा निर्णय आणि विचारल्याशिवाय सल्ला नाही, एवढा नियम करून पाहावा. त्याने भागले नाही, तर ‘द क्रू’ आणावा. मेंढीकोट खेळणाऱ्यांना तो परका वाटणार नाही : हात करायचे, हुकूम ठरलेला, मात्र कोणता पत्ता कोणाच्या हातात पडला पाहिजे हे सगळ्यांनी मिळून साधायचे. एका डावात प्रत्येकाला एकदाच आपला एक पत्ता दाखवून तो त्या रंगातला सर्वांत मोठा, सर्वांत लहान की एकमेव, एवढेच सुचवता येते. बाकी बोलायला बंदी असते, ती आपल्या चिरंजीवांनाही लागू होईल.