जमीन सोडून सुटका होत नाही

तासगावच्या एका सदस्याने विचारले आहे: दाजींनी द्राक्षबागेच्या फळछाटणीच्या वेळी एका खासगी सावकाराकडून दरमहा १० टक्के व्याजाने २ लाख रुपये घेतले, त्यापोटी अर्ध्या एकराचे खरेदीखत आणि कोरे चेक दिले, आता वसुलीची पोरे रोज दारात येऊन बसतात, आणि १६ वर्षांचा भाचा त्याच पोरांबरोबर गाडीवर फिरू लागला आहे. तेव्हा जमीन सोडून मोकळे व्हावे काय?

सोडू नका. मिरज-तासगाव भागातल्या अशा काही कुटुंबांबरोबर मी कचेऱ्यांतून फिरलो आहे. ज्यांनी जमीन सोडली त्यांच्या दारातली पोरे हटली नाहीत, कारण कोरे चेक सावकाराकडेच राहिले होते.

आधी हिशेब पाहा. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याकडून वर्षाला तारण कर्जावर ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेऊ नये, असा शासनाचा दर आहे. दाजींच्या २ लाखांवर ९ टक्क्यांनी वर्षाचे १८ हजार होतात. त्यांच्याकडून मागितले जातात २ लाख ४० हजार. शिवाय या माणसाकडे परवानाच नसेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे त्याचा धंदाच गुन्हा ठरतो आणि त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तक्रार दोन ठिकाणी द्यावी लागते, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. ते फक्त पोलिसांत जातात. पोलीस धमकीचा गुन्हा पाहतात, पण खरेदीखत रद्द करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही. तो सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे आहे, कारण सावकारीचे जिल्हा निबंधक तेच असतात. अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांत सावकारीच्या व्यवहारातून तारण म्हणून गेलेली जमीन असेल, तर चौकशी करून ते दस्त अवैध ठरवू शकतात आणि जमीन परत देण्याचा आदेश काढू शकतात. सहायक निबंधकांचे पथक पंचनामा करून झडती घेते, तेव्हा कोरे चेक आणि सह्या केलेले मुद्रांक हाती लागू शकतात. दाजींनी फोन-पेवरून भरलेल्या प्रत्येक हप्त्याची नोंद छापून अर्जाला जोडा. रोखीने दिलेले पैसे तारखेसह वहीत लिहून काढा. चेक वटला नाही म्हणून वकिलाची नोटीस आली, तर ती पडून राहू देऊ नका, मुदतीत उत्तर द्या.

पोलिसांकडे मात्र 'पैशांचा वाद' असा शब्दही वापरू नका. दारात बसणे, पाठलाग करणे, धमकावणे हे त्याच अधिनियमात स्वतंत्र गुन्हे आहेत, आणि भीती घालून पैसे काढणे ही खंडणी आहे. एका ठाण्यात आमची तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदवून आम्हाला परत पाठवले होते. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला, तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो, आणि आम्ही तेच केले.

'जामिनावर सुटून तो पुन्हा येईल, मग तक्रारीचा उपयोग काय,' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. उपयोग असा की टोळीवर १९९९ चा मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा, लावायचा, तर मागच्या १० वर्षांत तिच्याविरुद्ध एकापेक्षा जास्त आरोपपत्रे दाखल झालेली आणि न्यायालयाने दखल घेतलेली असावी लागतात. दहा घरे सोसतात आणि एकही तक्रार करत नाही, तेव्हा कागदोपत्री ती टोळी अस्तित्वातच नसते. म्हणून त्याच सावकाराने पिळलेले आणखी दोन-तीन बागायतदार शोधा आणि सगळे मिळून जा. एकट्या घरावर येणारा दबावही त्यामुळे विभागला जातो.

मला सर्वांत जास्त काळजी भाच्याची वाटते. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ च्या शांतता करारानंतरही निमलष्करी म्हणवल्या जाणाऱ्या बेकायदा सशस्त्र टोळ्या गल्लीबोळांतून व्याजाने पैसे देत राहिल्या, आणि ज्यांना फेडता येत नाही त्यांना फेडीपोटी टोळीची कामे करायला लावतात. म्हणूनच तिथल्या सरकारच्या कार्यक्रमात पोलिसी कारवाईइतकाच भर तरुणांबरोबरच्या कामावर आहे. आपल्याकडची पोरे बंदूकधारी संघटनेची नाहीत, पण रीत ओळखीची आहे: आधी गाडीवर फिरवायचे, वाढदिवसाच्या फलकावर फोटो लावायचा, मग एखादे पाकीट पोहोचवायला सांगायचे. अल्पवयीन मुलाला बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांचा दंड होऊ शकतो. तक्रारीत हा मुद्दा अवश्य लिहा. पण त्याआधी मुलाशी बोला, आणि त्याला रागावू नका. वडिलांना दारात हात जोडताना पाहून कंटाळलेल्या पोराला ज्यांच्यापुढे सगळे वाकतात त्यांच्यात उभे राहावेसे वाटते. घरचा हिशेब त्याच्यासमोर मांडा आणि अर्ज द्यायला जाताना कागदांची पिशवी त्याच्याच हातात द्या.

सोमवारी सातबारा, फेरफार उतारा, खरेदीखताची प्रत आणि बँकेचा खातेउतारा घेऊन आधी उपनिबंधक कार्यालयात जा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.