बीएएसएलपी झाल्यावर एमएस्सी न करता स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करता येतं का?

हो, भारतात येतं. बीएएसएलपी ही श्रवणदोष आणि वाचा-भाषा उपचारांची चार वर्षांची पदवी आहे. त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं. ती पूर्ण करून भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी केली की रुग्ण तपासायचा आणि थेरपी द्यायचा अधिकार मिळतो. १९९२च्या आरसीआय कायद्यानुसार ही नोंदणी लागतेच, त्यामुळे तिच्याशिवाय क्लिनिक उघडू नका. मी इंटर्न मुलांचं काम रोज पाहते, म्हणून एक आवर्जून सांगते: कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा ओपीडी बघा. मुंबईचं नायर रुग्णालय, वांद्र्याची अली यावर जंग संस्था, म्हैसूरची आयिश (अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था) इथे रुग्णांची विविधता भरपूर मिळते. ‘काका’ला ‘ताता’ म्हणणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाकडून ‘क’ काढून घेणं वेगळं आणि पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागतोय का, हे चमचा-चमचा पाणी देऊन जोखणं वेगळं. दुसरं काम वॉर्डात अनुभवी माणसाच्या नजरेखाली केल्याशिवाय हातात बसत नाही.

मात्र शिकवायचं असेल किंवा अमेरिकेत जायचं असेल तर मास्टर्स हवंच. तिथल्या ‘आशा’ (अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन) या व्यावसायिक संघटनेच्या सीसीसी, म्हणजे क्लिनिकल सक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी पुढच्या गोष्टी लागतात:

- ४०० तासांचा क्लिनिकल अनुभव, त्यात २५ तास निरीक्षणाचे
- प्रॅक्सिस ही विषयज्ञानाची परीक्षा
- मास्टर्सनंतर किमान ३६ आठवड्यांची क्लिनिकल फेलोशिप (मार्गदर्शकाच्या देखरेखीखालचं काम)

तिकडे जायचा विचार असेल तर तासांच्या नोंदी पर्यवेक्षकाच्या सहीनिशी पहिल्या वर्षापासून जपून ठेवा.