इंटरल्यूड: मध्यंतर, व्यत्यय की विसावा?

एक वाचक १९५०च्या दशकातल्या इंग्लंडमधल्या घरगुती आठवणींचा एक लेख मराठीत आणत आहेत. संध्याकाळी सगळं घर टीव्हीपुढे बसलंय, तिथलं हे वाक्य: ‘नाटक संपलं, मग इंटरल्यूड लागलं, कुंभाराचं चाक फिरू लागलं आणि आई चहाचं आधण ठेवायला उठली.’ त्यांनी ‘मध्यंतर’ लिहिलं. भावाने वाचून ‘व्यत्यय’ सुचवला. शब्दकोशात पाहिलं तर ‘विष्कंभक’ निघाला. यातलं काय घ्यावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

आधी वस्तू पाहू, मग शब्द.

त्या काळी बीबीसीचे बहुतेक कार्यक्रम थेट स्टुडिओतून जात. रविवारी रात्री झालेलं नाटक पुष्कळदा गुरुवारी पुन्हा दाखवत, पण पुन्हा दाखवत म्हणजे तीच नटमंडळी परत रंग लावून सगळं पहिल्यापासून करत. मग कधी नाटक आधी उरकायचं, कधी पुढच्या कार्यक्रमाची मांडामांड व्हायची असायची. ही फट बुजवायला लहान लहान फिल्म करून ठेवल्या होत्या, त्यांनाच ‘इंटरल्यूड’ म्हणत: लोकरीच्या गुंड्याशी खेळणारं मांजराचं पिल्लू, पवनचक्की, टाकीतले मासे, नांगरणी. शब्द नाहीत, गोष्ट नाही. एका फिल्ममध्ये लंडनहून ब्रायटनला जाणारी आगगाडी इतकी पळवली होती की चार मिनिटांत मुक्कामाला.

सगळ्यांत गाजलं ते १९५३चं कुंभाराचं चाक. सरे परगण्यातल्या कॉम्प्टन गावी ते चित्रित झालं आणि त्यातले हात झॉर्झ ओबर्तँ यांचे. चाकावर मातीचा गोळा, दोन ओले हात. गोळा वर चढतो, गळा निघतो, आता भांडं उतरवणार म्हणावं तर बोटं दाबतात आणि माती पुन्हा खाली बसते. गणपती करता करता मारुती होणं आपण ऐकलंय, इथे मारुतीही होत नाही! भांडं शेवटपर्यंत पुरं झालं नाही आणि त्याची गरजही नव्हती. पुरं होणारं भांडं प्रेक्षकाला शेवट देतं. इथे मधेच कुठेही फिल्म थांबवून पुढचा कार्यक्रम लावता आला पाहिजे. आता हे डोळ्यांपुढे ठेवून एकेक शब्द घासून पाहू.

‘मध्यंतर’ आपल्याला नाटकाने दिला. अंक संपतो, दिवे लागतात, बटाटेवड्याची रांग लागते आणि तिसरी घंटा झाली की तेच नाटक पुढे चालू होतं. शब्दाची मेख या ‘तेच’मध्ये आहे. मध्यंतर एकाच गोष्टीच्या पोटात असतं. प्रश्नातल्या वाक्यात नाटक संपलेलं आहे, म्हणून मध्यंतर बाद.

‘व्यत्यय’ भावाला का सुचला, ते आमच्या पिढीला सांगायला नको. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, आणि ऐन रंगात आलेल्या कार्यक्रमात पडद्यावर येणारी ‘व्यत्यय’ची पाटी आम्ही इतक्या वेळा वाचली की काहींना तो शब्द तिथेच कळला. संस्कृतात त्याचा अर्थ उलटापालट, अदलाबदल असाही आहे. वेदांतल्या भाषेतली मोकळीक सांगताना पाणिनी ‘व्यत्ययो बहुलम्’ म्हणतो तो याच अर्थाने. मराठीत मात्र व्यत्यय ‘येतो’, आपण होऊन कोणी ‘ठेवत’ नाही. बीबीसीकडेही बिघाडाची वेगळी पाटी होती, नेहमीचं प्रक्षेपण शक्य तितक्या लवकर पूर्ववत होईल अशा अर्थाची. आता भावाची बाजू अगदीच लंगडी नाही, कारण बिघाड झाला तरी पाटीऐवजी कधी कधी हेच चाक फिरवत. पण या वाक्यात काही बिघडलेलं दिसत नाही. आई निवांत आधण ठेवतेय.

‘विष्कंभक’ कोशात शोभतो. संस्कृत नाटकात दोन अंकांच्या मधे दुय्यम पात्रं येऊन, मधल्या काळात काय घडलं आणि पुढे काय घडणार, हे थोडक्यात सांगून जातात, तो विष्कंभक. त्याचं कामच सांगण्याचं. कुंभाराचं चाक काहीएक सांगत नाही. शिवाय ‘मग विष्कंभक लागला’ असं वाचून वाचक स्वतःच आधण ठेवायला उठेल.

माझं मत ‘विसावा’ला. वारीत मुक्काम वेगळा आणि विसावा वेगळा. मुक्काम रात्रीचा. विसावा म्हणजे दोन टप्प्यांच्या मधे, ठरवून, थोडा वेळ पालखी टेकवणं. कोणी अडवलेलं नसतं, काही मोडलेलं नसतं. इंटरल्यूडही नेमकं असंच. अंत्ययात्रेत तिरडी टेकवतात त्या जागेलाही विसावाच म्हणतात, ही शंका कोणी काढेल. काढू दे. मागेपुढे चहा आणि चाक असताना तिथे कोणाचं लक्ष जाणार नाही. वाक्य असं होईल: ‘नाटक संपलं, मग मधला विसावा लागला.’ ‘मधला’ हवाच, नाहीतर कार्यक्रमाचंच नाव ‘विसावा’ वाटेल. आणि पहिल्यांदा ‘इंटरल्यूड’ तसंच ठेवून पुढे ‘विसावा’ वापरलंत तरी माझी हरकत नाही.

जाता जाता त्यांनी आणखी एक विचारलंय. लेखाच्या शेवटी राष्ट्रगीत होतं, टीव्ही बंद करायची आठवण केली जाते, बाबा बटण फिरवतात आणि काचेच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरतो. त्यांनी ‘ठिपका विझला’ लिहिलंय. विझणं एका क्षणाचं असतं. हा ठिपका बटण फिरवल्यावरही रेंगाळायचा, लहान लहान होत जायचा, आणि पोरं तो पुरता जाईपर्यंत अंधारात बघत बसायची. तिथे ‘विरला’ लिहा.